घरी भरलेलं काडतूस आणि स्वसंरक्षण: बारा बोर किंवा ठासणीची बंदूक असणाऱ्यांनी आधी हे वाचा

गेल्या पावसाळ्यात पुतण्यानं मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतला एक माणूस गॅरेजमध्ये बसून रिकाम्या पुंगळ्या परत भरतोय, मशिनचा दांडा खाली ओढला की एक काडतूस तयार, शेजारी टेबलावर त्यांची रांग लागलेली. पुतण्या म्हणाला, काका, असलं मशिन ऑनलाईन मिळतंय, पुंगळ्या तर माळ्यावर डबाभर पडल्यात, मग दरवेळी दुकानातनं महागाची काडतुसं कशाला आणायची, आणि रात्री-अपरात्री कोण दारात आलं तर आपण मनासारखी जड भरलेली असली पाहिजेत.

आमचं घर पाटण तालुक्यात, गावापासनं लांब रानात. वडलांच्या नावावर बारा बोर होती, ती आता रीतसर माझ्या लायसनवर आहे. चुलत्यांकडं ठासणीची होती. म्हणजे बंदूक आमच्या घरात नवी नाही, आणि चोराची भीती, बिबट्याची भीती ही पण खोटी नाही, ऊस तोडणीच्या दिवसात आमच्याकडची माणसं अंधार पडला की पोरांना बाहेर सोडत नाहीत. त्यामुळं पुतण्याला मी ओरडलो नाही. पण मशिन मागवायचं नाही हे त्याच क्षणी सांगितलं, आणि का नाही ते सांगायला दोन संध्याकाळी गेल्या. तेच इथं लिहितोय. मी वकील नाही, पण लायसन वारसाने नावावर करताना कचेरीचे इतके हेलपाटे झाले आणि साताऱ्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या मेहुण्याला इतकं छळलं की कलमं पाठ झाली.

पहिली गोष्ट. तो व्हिडिओ अमेरिकेचा आहे, तिथं स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचं लायसन लागत नाही, लाखो लोक छंद म्हणून करतात. आपल्याकडं आर्म्स अॅक्ट १९५९ आहे. त्याचं कलम ३ म्हणतं की बंदूक आणि काडतूस जवळ ठेवायला लायसन लागतं. ते आपल्याकडं असतं. पण कलम ५ वेगळं आहे, ते म्हणतं की बंदूक किंवा काडतूस बनवायला, विकायला, दुसऱ्याला द्यायला, दुरुस्त करायला वेगळं लायसन लागतं, आणि ते कारखानदाराला नाहीतर दुकानदाराला मिळतं. तुमच्या-माझ्या लायसनवर बाळगण्याची परवानगी आहे, बनवण्याची नाही. पुंगळी रिकामी होती, तिच्यात ठिणगी पाडणारी टोपी, बंदुकीची दारू आणि छर्रे घालून ती परत उडण्याजोगी केली, म्हणजे तुम्ही काडतूस बनवलं, पोलीस तसंच लिहिणार.

आणि शिक्षा बघा. कलम २५ मधी बनवण्याला कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, वर दंड. हे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचं आहे. खूप जणांना अजून वाटतं की लायसन आहे ना मग झालंच तर शे-दोनशे दंड होईल. लायसनमधली एखादी अट मोडली तर कलम ३० लागतं, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, लोकांच्या डोक्यात ते बसलेलं असतं. पण घरी काडतूस भरणं म्हणजे नुसती अट मोडणं नव्हे.

मशिनचं पण तेच. कायद्यातली अॅम्युनिशनची म्हणजे दारूगोळ्याची व्याख्या नीट वाचली तर तिच्यात काडतुसाचे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रं हे दोन्ही धरलेत. म्हणजे पार्सल दारात आलं आणि सही करून घेतलं, एक पण काडतूस भरलं नाही, तरी तुमच्या घरात कायद्याच्या भाषेत अॅम्युनिशन आलं. नुसत्या रिकाम्या पुंगळ्यांना कलम ४५ मधी थोडी सूट आहे, किरकोळ भाग असतील आणि ते बाकीच्या भागांबरोबर वापरायचा हेतू नसेल तर कायदा लागू होत नाही. पण पुंगळ्यांशेजारी टोप्यांची डबी, दारूची पिशवी आणि छर्रे ठेवले तर हेतू नव्हता हे कुठल्या तोंडानं सांगणार. दारूचा वेगळा कायदा आहे तो आणखीन वेगळाच, एक्स्प्लोझिव्हज अॅक्ट १८८४ चा आणि एक्स्प्लोझिव्ह सबस्टन्सेस अॅक्ट १९०८ चा, तिकडं मी आता जात नाही.

आता खरा मुद्दा, स्वसंरक्षण. लोक म्हणतात जीव वाचवायला झाडली तर कायदा माफ करतो. बरोबर आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्याच्यावरच आहेत, आधी आयपीसीत ९६ ते १०६ होती, १ जुलै २०२४ पासनं आकडे बदलले. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी खरी भीती असेल, बलात्कार, अपहरण, अॅसिड हल्ला असेल, तर समोरच्याचा जीव गेला तरी हक्क आहे, ते कलम ३८. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी कुणी घर फोडून आत शिरलं तरी तोच हक्क, ते कलम ४१. पण ३७ मधी एक ओळ आहे ती कायम लक्षात ठेवायची, बचावाला जितकी इजा गरजेची तितकीच, त्यापेक्षा जास्त नाही. आणि चोर पळत सुटला, उसात शिरला, आता पाठीत गोळी घातली तर तो बचाव राहत नाही. हक्क होता पण मर्यादा ओलांडली असं कोर्टाला वाटलं तर खुनाचं कलम उतरून सदोष मनुष्यवधावर येतं, म्हणजे सुटका नाहीच, तुरुंगाची वर्षं तेवढी बदलतात.

सुप्रीम कोर्टानं बऱ्याच निकालांत सांगितलंय की हल्ला होत असताना माणूस सोन्याच्या तराजूत तोलून वार करू शकत नाही, तेवढी सूट त्याला द्यावी. दिलासा आहे तो. पण ती सूट मिळते त्या क्षणाला. काडतूस तुम्ही त्या क्षणी भरलेलं नसतं. ते महिनाभर आधी, दिवसा, लाईट लावून, पंख्याखाली बसून, शांत डोक्यानं भरलेलं असतं. त्या वेळी तुमच्यावर कुणी हल्ला करत नव्हतं. त्यामुळं गोळी झाडल्याबद्दल तुम्ही निर्दोष सुटलात तरी काडतूस बनवल्याची आणि बाळगल्याची केस तशीच उभी राहू शकते. मेहुण्यानं मला हे सांगितलं तेव्हा मी खरंच गप्प झालो, कारण इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आणि तेच काडतूस मुख्य केसमध्ये पण तुमच्या अंगावर येतं. सरकारी वकील काय विचारणार? बाजारात मिळणारं काडतूस असताना तुम्ही घरी का भरलं? जास्त जड का भरलं? कुणासाठी भरलं? बचाव सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १०८. सरकार पक्षाइतका पक्का पुरावा द्यावा लागत नाही, शक्यतेचं पारडं आपल्याकडं झुकवलं तरी चालतं, पण झुकवावं तर लागतंच. आणि ज्या माणसानं आधीपासनं तयारी करून ठेवली असं दिसतं त्याचं पारडं झुकवणं लय अवघड.

हे झालं कागदाचं. आता छर्र्याचं बघू, कारण इथं लोकांचं अजिबात लक्ष नसतं.

बारा बोरची गोळी झाडली की किती अंतरावरनं झाडली हे जखमेवरनं कळतं. अगदी जवळनं, हातभर अंतरावरनं, सगळे छर्रे एका गठ्ठ्यात आत जातात, एकच मोठं भोक पडतं, कडेला काजळी आणि जळालेल्या दारूचे ठिपके. अंतर वाढलं की ठिपके जातात, भोकाच्या कडा फाटक्या होतात, बाजूला एखाद-दुसरा छर्रा सुटा दिसतो, अजून लांब गेलं की चाळणीसारखा फैलाव. छर्रे आणि दारूच्या मधला वॅड कुठं पडलाय त्यावरनं पण अंदाज येतो. फॉरेन्सिकवाले तुमचीच बंदूक घेतात, तशीच काडतुसं घेतात, वेगवेगळ्या अंतरावरनं कापडावर किंवा पुठ्ठ्यावर झाडतात आणि फैलाव जुळवून बघतात.

समजा तुमचं म्हणणं आहे की तो कोयता घेऊन चार पावलांवर आला म्हणून मी झाडली. तुमचा सगळा बचाव त्या चार पावलांवर उभा आहे. फॅक्टरीचं काडतूस असेल तर लॅब त्याच बनावटीचं दुसरं आणून तपासू शकते, एका खोक्यातली काडतुसं एकमेकांसारखी असतात. पण घरी भरलेल्या काडतुसात दारू किती होती, वॅड पुठ्ठ्याचा होता का नमद्याचा, छर्रे किती आणि केवढे, हे फक्त तुम्हाला माहीत, आणि तुम्ही आरोपी. ते काडतूस तर उडून गेलं. लॅबनं बाजारातलं झाडून बघितलं आणि फैलाव जुळला बारा पावलांना, तर काय करणार? वहीत लिहून ठेवलं होतं म्हणाल तर ती वही म्हणजे बनवल्याचा तुमच्याच हातचा पुरावा. इकडनं पण अडकलात, तिकडनं पण.

अमेरिकेत रिलोडिंग करणारे, म्हणजे घरी पुंगळ्या परत भरणारे लोक पण याच कारणासाठी एकमेकांना सांगतात की टार्गेटवर मारायला घरचं, पण घराच्या रक्षणाला दुकानातलं. त्यांच्यात न्यू जर्सीच्या एका केसचं नाव कायम निघतं. १९८९ मधी एका घरात बायको गोळी लागून गेली, नवऱ्याचं म्हणणं तिनं स्वतःच झाडून घेतली. तिथं स्वसंरक्षणाचा प्रश्न नव्हता, पण प्रश्न अंतराचाच. गोळी घरी भरलेली, हलकी, कमी दारूची होती असं त्याचं म्हणणं, आणि लॅबची चाचणी झाली फॅक्टरीच्या गोळ्यांवर, त्या हिशोबानं जवळनं झाडली असती तर दारूचे अवशेष दिसायला पाहिजे होते, ते दिसत नव्हते. त्या माणसावर एकदा नाही, पुन्हा पुन्हा खटला चालला. जिथं भरणं कायदेशीर आहे तिथं ही गत, आपल्याकडं तर भरणंच गुन्हा.

ठासणीच्या बंदुकीबद्दल आता बोलतो, कारण पाटण, जावळी, शिराळा या पट्ट्यात ती अजून घराघरात आहे आणि तिचा प्रश्न वेगळा आहे. कलम १३ मधीच लिहिलंय की पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन देता येतं. ती हातानंच भरायची असते, नळीत दारू, वर चिंध्या, मग छर्रे, गजानं ठासायचं, दुसरा मार्गच नाही. त्यामुळं ती भरणं म्हणजे काडतूस बनवणं होत नाही. पण लायसनवर दारू-छर्रे किती बाळगायचे ते लिहिलेलं असतं, तेवढेच ठेवायचे, आणि दारू लायसनवाल्या दुकानातनंच, पावती घेऊन. फटाक्याची दारू काढून भरणारी माणसं मी बघितल्यात. आमच्या चुलत्यांच्याच डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नव्हती. नळीच्या बुडाला गंज होता, भरलं जास्त, आणि बंदूक मागनं फुटली. लहानपणी आम्हाला ते ऊस तोडताना गेली म्हणून सांगायचे, खरं काय ते काकूनं ते गेल्यावर सांगितलं.

आणि छर्र्याऐवजी सायकलच्या बेअरिंगच्या गोळ्या, खिळ्यांचे तुकडे, काचा असलं काही भरू नका. डुकराला मारायला भरलं होतं असं म्हणाल, पण ती झाडली गेली माणसावर, डॉक्टरांनी जखमेतनं खिळे काढले, तो रिपोर्ट कोर्टात वाचला गेला, की गरजेपुरती इजा हे शब्द तुमच्या वकिलाच्या तोंडातनं पुढं सरकत नाहीत. पिकाच्या राखणीचं लायसन असलं तरी जिवावर बेतल्यावर बचावाचा हक्क जात नाही, एवढं मात्र खरं.

बिबट्याचं विचारतात सगळे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ११ पोटकलम २, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला सद्हेतूनं वन्य प्राणी मारला किंवा जखमी झाला तर गुन्हा नाही. पण त्यालाच पुढं जोडून लिहिलंय की त्या वेळी तुम्ही त्या कायद्याविरुद्धचं काही करत होता तर ही सूट नाही. म्हणजे बिनपरवाना डुकराच्या मागं रानात गेलात, बिबट्या समोर आला आणि झाडली, तर बचाव म्हणून दाखवता येणार नाही. बिबट्या शेड्यूल १ मधी आहे, तिथं ३ वर्षांपासनं ७ वर्षांपर्यंत कैद. मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता, लगेच वन खात्याला कळवायचं, पुरायचा-बिरायचा नाही. आणि कोयना अभयारण्य, चांदोली ही जंगलं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत, अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसनधारकानं आपलं नाव वन खात्याकडं नोंदवायचं असतं, कलम ३४. ही नोंद आमच्या गावात किती जणांनी केली होती ते विचारलं तर एकजण निघाला.

आता करायचं काय ते.

काडतुसं लायसनवाल्या दुकानातनंच घ्या, लायसनवर एंट्री करून घ्या, बिल घ्या. आणि खोकं फेकू नका. आपल्याकडं सवय असते, काडतुसं काढून स्टीलच्या डब्यात टाकायची आणि खोकं चुलीत. ते खोकं ठेवा, त्यावर कारखान्याचं नाव, छर्र्याचा नंबर, लॉटचा नंबर असतो. खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीची घ्या नाहीतर दुसऱ्या कुठल्या, पण घरात एकाच बनावटीची ठेवा, चार प्रकारची मिसळून नको. उद्या काही झालं तर त्याच खोक्यातली उरलेली काडतुसं लॅबला तपासायला देता येतात, आणि ती चार पावलं सिद्ध करायला तोच तुमचा आधार. पुंगळीत किंवा छर्र्यात काही बदल करू नका, मेण ओतणं, तोंड कापणं, काही नाही. आमच्या भागातल्या पावसात पुठ्ठ्याची जुनी काडतुसं फुगतात, नळीत अडकतात, ती वाळवून वापरू नका, दुकानदाराला नाहीतर ठाण्यात जमा करा.

जुनी भरलेली सापडली तर? हा प्रश्न माझ्याच घरात आला. पुतण्याला सगळं सांगून झाल्यावर आम्ही माळा साफ केला, त्यात पत्र्याची पेटी निघाली, वरनं धोतराचं फडकं, आत लाल पुठ्ठ्याच्या अकरा पुंगळ्या, तोंडावर मेणबत्तीचं मेण ओतून बंद केलेल्या, आणि एका चपट्या डबीत पितळी टोप्या. आजोबांच्या काळातली. हलवली की आत छर्रे खुळखुळत होते. माझ्या हाताला घाम सुटला. मी त्या उघडल्या नाहीत, जाळल्या नाहीत, नदीत टाकल्या नाहीत. मेहुण्याला फोन केला. त्यानं सांगितलं तसं आधी आहे त्या जागी फोटो काढले, मग ठाण्याच्या अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज लिहिला, साफसफाई करताना अमुक तारखेला सापडलं, आम्ही बनवलेलं नाही, कलम २१ प्रमाणं जमा करायचं आहे. आधी अर्जावर पोच घेतली, सामान ते स्वतः येऊन घेऊन गेले. असलं सामान एसटीत किंवा गाडीवर घेऊन फिरू नका, वाटेत नाकाबंदीला सापडलं तर अर्ज खिशात असून पण रात्र ठाण्यात जाईल. एका हवालदारानं मला दोन तास उभं करून तेच तेच विचारलं, मन दुखलं, पण पोच माझ्या हातात होती. वकिलाला विचारून, उशीर न करता, एवढंच.

आणि देव न करो, पण झाडायची वेळ आलीच तर. धोका टळल्यावर बंदूक रिकामी करून बाजूला ठेवा, ११२ ला फोन करा, जखमीसाठी अॅम्ब्युलन्स मागवा, तो चोर असला तरी. पुंगळी उचलू नका, फरशी धुऊ नका, कपडे बदलू नका, बाकीचं खोकं लपवू नका. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम २३८, आणि खरा बचाव असलेला माणूस त्यापायी खोटा ठरतो. घरच्या बायका लगेच रक्त पुसायला घेतात, आपल्याला ते बघवत नाही म्हणून, त्यांना आधीच सांगून ठेवा. पोलिसांना थोडक्यात सांगा, कोण आलं होतं, हातात काय होतं, मी जिवाच्या भीतीनं झाडली, काडतूस या खोक्यातलं आहे, बाकीचा जबाब वकील आल्यावर देतो. किती पावलं होतं हे अंदाजपंचे ठोकून देऊ नका. भीतीत अंतर चुकतं, आणि एकदा जबाबात आकडा गेला की पुढं मोजणीचा आकडा त्याच्याशी लावून बघतात.

एक बारीक गोष्ट राहिली. निवडणुकीच्या वेळी बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात. पोचपावतीवर नुसतं बारा बोर एक नग असं लिहून घेऊ नका, काडतुसं किती, कुठल्या बनावटीची, ते पण समोर मोजून लिहून घ्या, आणि परत घेताना तिथंच टेबलावर एक-एक काडतुसाचा तळ बघा. मी मागच्या वेळी बघितलं तर माझ्या पिशवीत तीन काडतुसं दुसऱ्याच कुणाची होती, त्यातल्या एकाच्या तोंडावर मेण होतं. मी ती टेबलावरच ठेवली, माझी मागितली, आणि रजिस्टरला तसं लिहून घेतल्याशिवाय तिथनं हललो नाही.